गावात रेंज आहे. वस्तीत आहे का?

तळेगाव एमआयडीसीत कंत्राटी कामाला, लोणावळ्याच्या हॉटेलात नोकरीला किंवा वडगाव, कामशेतला खोली घेऊन शिकायला येणारी आपली मुले-मुली आम्हाला हमखास विचारतात, "इथे कोणत्या कंपनीचे सिम चालते?" आम्ही उलट विचारतो, "इथे म्हणजे नेमके कुठे?" मावळात या एका शब्दावर सगळे अवलंबून आहे.

लोहमार्ग, जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग यांच्या पट्ट्यात सहसा कोणतीही कंपनी चालते. त्या पट्ट्यात प्रवासी आहेत, बंगले आहेत, शनिवार-रविवारचे पर्यटक आहेत. पण पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ या खोऱ्यांत शिरले की डोंगर आडवा येतो. एका वळणावर फोन लागतो, पुढच्या वळणावर नाही. यात निसर्गाचा दोष आहेच, पण सगळा नाही. वळवण, शिरोटा या तलावांचे पाणी गेली शंभर वर्षे खोपोलीला वीज करते आणि ती मुंबईला जाते. जिथे गिऱ्हाईक तिथे सेवा, हा हिशेब या तालुक्याला नवा नाही.

दुसरी गोष्ट आपल्या लोकांना वेगळी सांगायला नको. आपली वस्ती गावठाणात नसते. कुठे ओढ्यापलीकडे, कुठे उताराला, कुठे गावाच्या पार टोकाला. सरकारी मोजणीचे एकक मात्र गाव हेच. जुलै २०२२ मध्ये केंद्राने फोर-जीसाठी मोठी योजना मंजूर केली, तीही २४,६८० 'सेवा नसलेल्या गावां'साठी. गावात रेंज आली की गाव यादीतून सुटले. बौद्धवाड्यात, कातकरी वस्तीत फोन लागतो का, हे त्या यादीत कुठे लिहिणार? पाण्याच्या टाकीचे आणि रस्त्याचे जे झाले तेच टॉवरचेही होत आहे. कंपनीने जातीकडे बघून टॉवर उभारला असे आमचे म्हणणे नाही. बघायची गरजच पडत नाही. जागा आधीच वाटलेली आहे.

म्हणून सिम निवडताना जाहिरात बघू नका, पुण्यातल्या मित्राला विचारू नका. ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर रेंजचा नकाशा द्यावा लागतो, तो बघा. दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर जवळचा टॉवर कोणाचा हेही कळते. पण नकाशा घराबाहेरचा असतो. तुम्ही झोपणार स्लॅबच्या खोलीत, तळमजल्यावर. त्या खोलीचे डिपॉझिट देण्याआधी शेजारच्यांचे फोन मागून घ्या आणि आत उभे राहून कॉल लावा, एकदा दिवसा, एकदा रात्री. वस्तीतल्या आशाताईंना विचारा त्यांचा फोन कोणत्या कंपनीचा आहे. त्यांना दवाखान्याशी बोलावेच लागते, त्यामुळे त्यांचे उत्तर अनुभवाचे असते. पावसाळ्यात वीज गेल्यावर टॉवर किती तास टिकतो हेही विचाराच. लोणावळ्यात राहणार असाल तर रविवारी दुपारी भुशी धरणाच्या रस्त्यावर गर्दी असताना इंटरनेट चालवून बघा. चार कांड्या दिसतात आणि काही उघडत नाही, असे तिथे होते.

आईवडील सोबत असतील तर त्यांचा फोन विसरू नका. जिओचे जाळे फोर-जीपासून सुरू होते. जुन्या टू-जी बटणफोनवर ते सिम चालत नाही. एअरटेल आणि व्हीआय यांचे टू-जी अजून आहे.

आणि कंपनी बदला, नंबर बदलू नका. हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो, कारण महाडीबीटीची शिष्यवृत्ती, बँक, आधार, सगळ्यांचे ओटीपी त्या एका नंबरावर येतात. नवे स्वस्त सिम घेतले, जुने रिचार्जविना बंद पडले आणि अर्ज ओटीपीवर अडकला, अशी मुले दर वर्षी आमच्याकडे येतात. मग आधार केंद्राची रांग आणि बुडालेला दिवसाचा रोज. नंबर पोर्ट करण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. इंग्रजीत 'पोर्ट' लिहून, जागा सोडून आपला नंबर टाका आणि १९०० वर पाठवा. येणारा कोड चार दिवस चालतो. विदर्भ-मराठवाड्यातून आलात तर सर्कल तेच, तीन कामाचे दिवस लागतात. मुंबईचे सर्कल वेगळे, तिथून आलात तर पाच. पण एकदा पोर्ट केले की ९० दिवस पुन्हा हलता येत नाही. म्हणून आधी पारख, मग पोर्ट. दोन सिमचा फोन असेल तर महिनाभर दुसऱ्या कंपनीचे सिम बाजूला टाकून बघणे उत्तम.

इथवर झाले ग्राहकाचे शहाणपण. जिथे एकाही कंपनीची रेंज नाही तिथे निवड कशाची करणार? कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के रक्कम ग्रामीण दूरसंचारासाठीच्या निधीत जाते. त्याला आता डिजिटल भारत निधी म्हणतात. ते पैसे शेवटी आपल्याच रिचार्जमधले आहेत. तेव्हा तक्रार १९८ वर नोंदवून क्रमांक लिहून ठेवायचा, आणि ग्रामसभेत ठराव मांडायचा. ठरावात गावाचे नाव पुरेसे नाही. वस्तीचे नाव, घरांची संख्या, कोणत्या घरात कोणत्या कंपनीचा कॉल लागला नाही आणि कोणत्या तारखेला, असा तक्ता जोडा. दोन कार्यकर्ते, तीन फोन आणि एक रविवार एवढ्यात तो तयार होतो. येत्या ग्रामसभेआधी पवन मावळातल्या ज्या वस्त्यांवर आपले वाचक राहतात, त्यांनी तो भरून ठेवावा. ठरावाचा मसुदा करायला आम्ही येतो.