पदवी राहिली, शिक्षण वाया गेले नाही



एफवाय, एसवाय झाले, मग फीचे पैसे जमले नाहीत किंवा लग्न ठरले आणि कॉलेज सुटले, अशी मुले-मुली आमच्या मराठवाड्यात गावोगावी आहेत. नोकरीच्या अर्जात त्यांना ‘बारावी उत्तीर्ण’ एवढेच लिहिता येते. रोज एसटीने तालुक्याला जाऊन केलेली दोन वर्षे, सुटलेले विषय, दिलेली प्रात्यक्षिके कशाचीच नोंद त्यात होत नाही. हा अन्याय आहे.

सरकारी पाहण्याही शिक्षणाची पातळी पूर्ण केलेल्या शेवटच्या पायरीवरूनच ठरवतात. त्यामुळे कॉलेज अर्ध्यावर सुटलेला तरुण बारावीवाल्यांत मोजला जातो आणि त्या दोन वर्षांनी त्याच्या कमाईत काय फरक पडला, हे आपल्याला सहसा कळत नाही. अमेरिकेत थॉमस केन आणि सेसिलिया राउस या अर्थतज्ज्ञांनी १९९५ साली हा हिशेब मांडला. पदवी न घेताही कॉलेजात काढलेल्या प्रत्येक वर्षामागे कमाई साधारण पाच टक्क्यांनी वाढलेली त्यांना आढळली. तिथला आकडा इथे जसाच्या तसा लागू होणार नाही, हे मान्य. पण मी वर्षानुवर्षे वाणिज्य शिकवले आहे. एसवायपर्यंत शिकलेली मुलगी बचतगटाचे हिशेब ठेवते, बँकेत व्यवस्थापकासमोर बसून कर्जाच्या अटी विचारते, मुलांचा अभ्यास घेते. हे बळ तिला बारावीने दिलेले नाही.

अर्ध्यावर सुटलेल्या शिक्षणालाही किंमत आहे, हे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तत्त्वतः मान्य केले. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी. पण तलाठी भरतीला पदवी लागते, लिपिक-टंकलेखकाला पदवी लागते, पोलीस शिपायाला बारावी पुरते. मधल्या प्रमाणपत्राला आणि पदविकेला यात जागा कुठे आहे? राज्य सरकारच स्वतःच्या सेवाप्रवेश नियमांत त्यांना किंमत देणार नसेल, तर खासगी मालक का देईल?

मध्येच बाहेर पडण्याची सोय दिली की पालक मुलींना लवकर घरी बसवतील, असा आक्षेप घेतला जातो. ही भीती खरी आहे, मी ती डोळ्यांनी पाहिली आहे. म्हणूनच परतीची वाट रुंद हवी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलेल्याने तीन वर्षांत परत यायचे आणि जास्तीत जास्त सात वर्षांत पदवी पूर्ण करायची. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीने हे कसे जमवावे? तिचे मूल शाळेत जायला लागते, तेव्हा कुठे तिला पुन्हा पुस्तक हाती धरायला सवड मिळते, आणि नेमकी तेव्हाच मुदत संपलेली असते. शिक्षण तुटलेल्यांसाठी नाशिकला १९८९ साली मुक्त विद्यापीठ काढणाऱ्या महाराष्ट्राला ही अट खटकायला हवी.

राज्य सरकारने वर्ग तीनच्या भरतीत या प्रमाणपत्राला व पदविकेला गुण द्यावेत, परतीची तीन वर्षांची अट काढून टाकण्यासाठी आयोगाकडे आग्रह धरावा, आणि जुन्या अभ्यासक्रमात एसवाय-टीवायला अडकलेल्यांचे सुटलेले विषय क्रेडिटमध्ये धरून त्यांनाही पुन्हा प्रवेश द्यावा. त्यांच्या गुणपत्रिका विद्यापीठांच्या दप्तरी आहेतच. येत्या जूनपासून हे सुरू करता येईल.

– एक निवृत्त प्राध्यापिका, जि. बीड