कल्याणचा तुषार देशपांडे गेला, चेन्नईला काय मिळालं? खेळाडू गमावल्याची भरपाई देणारा अमेरिकी नियम समजून घ्या

नोव्हेंबर 2024 मध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दाह शहरात आयपीएलचा मेगा लिलाव झाला. त्यात कल्याणच्या तुषार देशपांडेला राजस्थान रॉयल्सने 6 कोटी 50 लाख रुपयांना घेतलं. त्याआधी चेन्नई सुपर किंग्जकडून तो 20 लाखांत खेळत होता. चेन्नईने 2023 मध्ये विजेतेपद पटकावलं, त्या हंगामात त्याच्या नावावर 21 विकेट्स होत्या. 2024 मध्ये त्याने 17 विकेट्स घेतल्या.

त्याच लिलावात डोंबिवलीत लहानाचा मोठा झालेला अजिंक्य रहाणेही चेन्नईतून बाहेर पडला. कोलकाता नाईट रायडर्सने त्याला दीड कोटीला घेतलं आणि 2025 च्या हंगामासाठी थेट कर्णधार केलं.

लिलावानंतर चर्चा होते ती कोणाला किती मिळाले याची. पण ज्या संघाने चांगला खेळाडू गमावला, त्याला काय मिळतं? आणि ज्या मैदानावर तो खेळाडू घडला, त्याला?

अमेरिकन फुटबॉलमध्ये पहिल्या प्रश्नाचं उत्तर नियमातच दिलेलं आहे.

अमेरिकेत लिलाव नाही, ड्राफ्ट असतो

अमेरिकन फुटबॉलची लीग म्हणजे एनएफएल. त्यात 32 संघ आहेत. कॉलेजमधून येणारे नवे खेळाडू तिथे पैशांची बोली लावून घेतले जात नाहीत. दरवर्षी ड्राफ्ट होतो, म्हणजे संघ पाळीपाळीने एकेक खेळाडू निवडतात. अशा 7 फेऱ्या असतात. आदल्या हंगामात जो संघ तळाला राहिला, त्याची पाळी पहिली आणि विजेत्याची शेवटची. दुबळ्या संघाला सावरायची संधी मिळावी, हा त्यामागचा हेतू.

करार संपलेला अनुभवी खेळाडू मात्र 'फ्री एजंट' होतो. तो हव्या त्या संघाशी करार करू शकतो आणि जुन्या संघाला त्याला अडवता येत नाही. मग श्रीमंत शहरांतले किंवा जिंकणारे संघच सगळे चांगले खेळाडू ओढून घेणार नाहीत का?

याच भीतीवर उपाय म्हणून 1990 च्या दशकात, फ्री एजन्सीच्या नव्या पद्धतीबरोबरच भरपाईचा नियम आला. ज्या संघाने फ्री एजंट गमावले, त्याला पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये जास्तीची पाळी मिळते. या जास्तीच्या पाळ्या तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी दिल्या जातात. एका संघाला या हिशोबातून जास्तीत जास्त 4 आणि सगळ्या संघांना मिळून 32 पाळ्या मिळू शकतात.

शेवटच्या फेऱ्यांतली पाळी म्हणजे उरलंसुरलं, असं वाटू शकतं. पण 2000 सालच्या ड्राफ्टमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सने अशाच भरपाईच्या पाळीवर, 199 व्या क्रमांकावर, टॉम ब्रॅडी नावाचा क्वार्टरबॅक निवडला. पुढे त्याने 7 सुपर बोल जिंकले, त्यातले 6 पेट्रियट्ससाठी.

खरी गंमत वजाबाकीत

खेळाडू गेला की लगेच भरपाई मिळते, असं मात्र नाही. लीग आधी हिशोब करते: किती गेले आणि किती आले?

गेलेल्या प्रत्येक खेळाडूची एक 'किंमत' ठरते. ती मुख्यतः नव्या करारातल्या वार्षिक पगारावर अवलंबून असते. तो नव्या संघात किती वेळ मैदानावर होता आणि हंगामाअखेरीस त्याला काय मान मिळाले, हेही धरलं जातं. नेमकं सूत्र लीग जाहीर करत नाही. मग संघाने बाहेरून घेतलेला प्रत्येक फ्री एजंट, गेलेल्या एका खेळाडूला हिशोबातून खोडतो. साधारणपणे तो आपल्या बरोबरीच्या किंवा आपल्याहून थोड्या कमी किमतीच्या खेळाडूला खोडतो. खोडाखोडी झाल्यावर जे उरतात, त्यांचीच भरपाई मिळते.

हे समजायला जेद्दाहचाच लिलाव घेऊ आणि चेन्नईला एनएफएलचा नियम लावून पाहू. चेन्नईतून गेलेल्यांत दीपक चहर (9.25 कोटी), तुषार देशपांडे (6.50 कोटी), महीश थीक्षणा (4.40 कोटी), मिचेल सँटनर (2 कोटी), मोईन अली (2 कोटी) आणि अजिंक्य रहाणे (1.50 कोटी) होते. दुसऱ्या संघांतून चेन्नईने नूर अहमद (10 कोटी), रविचंद्रन अश्विन (9.75 कोटी), खलील अहमद (4.80 कोटी), राहुल त्रिपाठी (3.40 कोटी), अंशुल कंबोज (3.40 कोटी) आणि सॅम करन (2.40 कोटी) यांना घेतलं.

आता खोडाखोडी. नूर चहरला खोडतो, अश्विन तुषारला, खलील थीक्षणाला. त्रिपाठी आणि कंबोज हे सँटनर आणि मोईन यांना खोडतात, तर करन रहाणेला. या सहा जोड्यांचा हिशोब केला तर भरपाई शून्य.

म्हणजे नियमाचं म्हणणं सरळ आहे. खेळाडू गेले आणि तुम्ही तेवढेच बाजारातून उचलले, तर तुमचं नुकसान झालेलंच नाही. भरपाई हवी असेल तर संयम ठेवा.

संघ पळवाटा कशा शोधतात?

नियम आला की त्याच्या फटीही सापडतात. जुन्या संघाने करार संपण्याआधीच काढून टाकलेला खेळाडू घेतला, तर तो सहसा या हिशोबात धरला जात नाही. म्हणून काही संघ मुद्दाम अशाच खेळाडूंवर नजर ठेवतात. दुसरी फट तारखेची. एप्रिलअखेरच्या ड्राफ्टनंतरच्या सोमवारची ठरलेली मुदत उलटली की नंतरचे करार हिशोबात येत नाहीत. त्यामुळे एखादा अनुभवी खेळाडू कित्येक आठवडे घरी बसून राहतो आणि मुदत संपल्यावर पटकन त्याचा करार होतो. संघ आपली भरपाई वाचवतो आणि वाट पाहण्याची किंमत खेळाडू मोजतो.

2017 च्या ड्राफ्टपासून संघांना भरपाईच्या पाळ्या एकमेकांना देता-घेताही येतात. त्यामुळे त्यांचा भाव आणखी वाढला आहे.

आयपीएलमध्ये काय होतं?

आयपीएलमध्ये अशी भरपाई नाही. संघाने खेळाडू सोडला की त्याच्यासाठी अडकलेले पैसे मोकळे होतात आणि ते लिलावात वापरता येतात, इतकंच. चेन्नईने मेगा लिलावाआधी पाच खेळाडू राखले आणि त्यात 120 पैकी 65 कोटी गेले. उरलेल्या 55 कोटींत सगळा संघ बांधायचा होता.

जुना खेळाडू परत मिळवण्याचा एक मार्ग होता, 'राइट टू मॅच' कार्ड. दुसऱ्याने लावलेल्या अंतिम बोलीइतके पैसे देऊन खेळाडू परत घेता येतो. चेन्नईकडे असं एकच कार्ड होतं आणि ते रचिन रवींद्रसाठी वापरलं गेलं. शिवाय हे कार्ड म्हणजे भरपाई नव्हे, तर पूर्ण किंमत मोजून परत विकत घेण्याचा हक्क.

2025 च्या हंगामात चेन्नई पहिल्यांदाच गुणतक्त्यात तळाला गेली. एनएफएलमध्ये तळाच्या संघाला ड्राफ्टची पहिली पाळी मिळते. आयपीएलमध्ये दहाव्या क्रमांकाबद्दल ना जास्तीचे पैसे मिळतात, ना पहिला हक्क.

आणि ज्यांनी खेळाडू घडवला त्यांचं काय?

तुषार मुळात फलंदाज व्हायला निघाला होता. 2007 मध्ये शिवाजी पार्क जिमखान्यावरच्या निवड चाचणीत फलंदाजांची रांग फार लांब होती, म्हणून तो गोलंदाजांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. रहाणे डोंबिवलीच्या एस. व्ही. जोशी हायस्कूलचा विद्यार्थी. ठाण्यापलीकडच्या मुलांसाठी क्रिकेट म्हणजे पाठीवर किट आणि गर्दीची लोकल, हे इथल्या प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. हा खर्च घर करतं, छोटे क्लब करतात, प्रशिक्षक करतात.

जगातल्या फुटबॉलमध्ये या खर्चाची नोंद घेतली जाते. फिफाच्या नियमानुसार, करार चालू असताना खेळाडू पैसे मोजून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर त्या रकमेतले 5 टक्के, त्याला वयाच्या 12 ते 23 वर्षांदरम्यान घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. आयपीएलमध्येही परदेशी खेळाडू खेळला की त्याच्या क्रिकेट बोर्डाला पैसे मिळतात. भारतीय खेळाडूच्या बाबतीत बीसीसीआय राज्य संघटनांना निधी देते. पण 6 कोटी 50 लाखांच्या बोलीतला ठरावीक हिस्सा त्याच्या पहिल्या क्लबला जाईल, अशी सोय नाही.

एनएफएलचीही बाजू इथे लंगडीच आहे. भरपाई मिळते ती संघाला. खेळाडू तयार करणाऱ्या कॉलेजला ड्राफ्टमधून काहीच मिळत नाही. कारण तो नियम ऋण फेडण्यासाठी नाही, तर स्पर्धेचा समतोल राखण्यासाठी आहे.

म्हणून भरपाईचा कुठलाही नियम वाचताना एक प्रश्न विचारायला हवा: या लीगच्या मते नुकसान नेमकं कोणाचं झालं? एनएफएलचं उत्तर आहे, खेळाडू गमावलेल्या संघाचं. फिफाचं उत्तर आहे, तो घडवणाऱ्या क्लबचंही. आयपीएलच्या लेखी तुषार चेन्नईतून राजस्थानला गेला आणि हिशोब तिथेच मिटला. त्या हिशोबात कल्याणचा रकानाच नाही.