बारा व्होल्टचा विस्तव

उन्हाळा तापू लागला की ‘धावत्या मोटारीने पेट घेतला’ ही बातमी आतल्या पानावर हटकून येते. चालकाने प्रसंगावधान राखून उडी घेतली, अग्निशामक दलाच्या जवानांनी आग आटोक्यात आणली, काही काळ वाहतूक खोळंबली, आणि अखेरचे वाक्य तर ठरलेलेच : ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ बातमी तेथे संपते. हे शॉर्टसर्किट नेमके कोठे व कशामुळे झाले, याचा पाठपुरावा आम्ही वार्ताहरही सहसा करीत नाही. मोटारीचा तोवर कोळसा झालेला असतो आणि कोळशाला विचारून फारसे काही हाती लागत नाही.

तरीही काही जागा अशा आहेत, की जेथे संशय आधी जावा. बॉनेटखालील इंजिनाचा कप्पा आणि प्रवाशांची बैठक यांच्यामध्ये पोलादी पत्र्याची एक भिंत असते. तिला फायरवॉल म्हणतात. इंजिनाची उष्णता, धूर, आवाज आणि वेळ पडल्यास ज्वाळाही काही काळ आत येऊ न देणे, हे तिचे काम. या भिंतीतून जाणारी प्रत्येक तार व नळी कारखान्यात रबरी ग्रोमेटमधून नेलेली असते. अडचण सुरू होते ती गाडी शोरूमच्या बाहेर पडल्यावर. डिकीत मोठा ॲम्प्लिफायर आणि सबवूफर बसवायचा, तर त्याला थेट बॅटरीतून वीज हवी. बहुतेक गाड्यांत बॅटरी पुढे असते आणि ॲम्प्लिफायर मागे. म्हणजे करंगळीएवढ्या जाडीची तार भिंत ओलांडून आत न्यावीच लागते. आणि ही तार कशी ओलांडते, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

‘बाराच तर व्होल्ट आहेत, काय होणार?’ हा प्रश्न दुकानात हमखास ऐकू येतो. हात लावला तर झटका बसत नाही हे खरेच, परंतु आग झटक्याने नव्हे, तापलेल्या तारेने लागते, आणि तार तापते ती प्रवाहामुळे. घरातील एक हजार वॉटची इस्त्री २३० व्होल्टवर चार-सव्वाचार अँपिअर प्रवाह घेते. तेवढीच शक्ती बारा व्होल्टवर घ्यायची, तर प्रवाह ८० अँपिअरच्या पुढे जातो. हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब जेमतेम पाच अँपिअर खातो, म्हणजे एकट्या ॲम्प्लिफायरची तार सोळा-सतरा हेडलाइटचा भार वाहते. (खोक्यावर छापलेले ‘१००० वॉट’ बहुधा क्षणिक कमाल शक्तीचे असतात आणि प्रत्यक्षात सातत्याने मिळणारी शक्ती त्याच्या कितीतरी खाली असते. खरा अंदाज हवा असेल तर खोके न पाहता ॲम्प्लिफायरवरचे फ्यूज पाहावेत. तेथे ३० अँपिअरचे दोन फ्यूज असतील, तर ते यंत्र साठाहून अधिक अँपिअर सतत घेऊ शकणार नाही.)

हा झाला नेहमीचा भार. अपघाताच्या क्षणी चित्र वेगळेच असते. आपल्याकडील बहुतेक सर्व मोटारींचा सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला, म्हणजे ‘बॉडी अर्थ’ असतो. पत्र्याला भोक पाडून त्यातून ग्रोमेटविना नेलेली धन तार त्या भोकाच्या धारदार कडेवर टेकून राहते. इंजिन थरथरते, रस्त्यातील खड्डे हादरे देतात, कड आवरणाला किसत राहते. सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षे. गाणी उत्तम वाजत असतात. एके दिवशी आवरण संपते आणि तांबे पोलादाला भिडते. त्या क्षणी साधी मोटारीची बॅटरीही काही शे अँपिअर सोडू शकते. तारेत फ्यूज नसेल, तर तारच फ्यूजचे काम करते. ती लालबुंद होते, प्लॅस्टिकचे आवरण पेटते, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना पेटायला भरपूर काही असते : एका बाजूला इंधनाच्या नळ्या व तेलकट काजळी, दुसऱ्या बाजूला डॅशखालील फोम आणि गालिचा. इंजिनाची चावी बंद केली तरी ही तार जिवंतच राहते, कारण ती थेट बॅटरीला जोडलेली आहे. पार्किंगमध्ये रात्री उभी असलेली गाडी पेटते तेव्हा घातपाताची शंका घेतली जाते. या तारेकडे मात्र कोणी पाहत नाही.

फ्यूज असतो, असे दुकानदार सांगतील. प्रश्न आहे तो कोठे असतो याचा. ॲम्प्लिफायरजवळचा फ्यूज ॲम्प्लिफायरला वाचवतो, तारेला नव्हे. तार वाचवायची तर फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून अठरा इंचांच्या, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. हा कार ऑडिओच्या धंद्यातला जगभरचा रूढ नियम आहे. शिवाय फ्यूजची क्षमता तारेच्या जाडीवरून ठरवावी लागते. येथे आणखी एक गोम आहे. स्वस्त वायरिंग किटमध्ये अस्सल तांब्याऐवजी वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते. तिची वाहकता तांब्याच्या साधारण दोन-तृतीयांशच असते. बाहेरून जाड दिसणाऱ्या अशा तारेवर तांब्याच्या हिशेबाने फ्यूज लावला, की फ्यूज शाबूत राहतो आणि तार तापते.

पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसच्या गल्ल्यांत हे काम करणारे कुशल कारागीर आहेत, हे मान्य करायला हवे. चांगला कारागीर आधी भिंतीतील रिकामे रबरी बूच शोधतो. ते नसेल तर पलीकडे ब्रेकची नळी, एसीचा कॉइल वा मूळ वायरिंग नाही याची खात्री करून भोक पाडतो, कड घासतो, गंजरोधक रंग लावतो, ग्रोमेट बसवतो, तारेवर जाळीदार नळी चढवतो आणि भिंतीच्या अलीकडे तारेला खाली झोल देतो, जेणेकरून पावसाचे पाणी तारेवरून ओघळत आत न येता तेथेच ठिबकून जावे. यात तासभर जास्त जातो. घाईतला कारागीर कंपनीच्या ग्रोमेटमध्येच स्क्रूड्रायव्हर खुपसून वाट काढतो. त्या ग्रोमेटमधून मूळ वायरिंगचा अख्खा जुडगा जात असतो. त्यातल्या एखाद्या तारेला टोक लागले, तर तो दोष पुढे कधीतरी पावसाळ्यात उगवतो. प्रस्तुत प्रतिनिधीने काही वर्षांपूर्वी घेतलेल्या जुन्या गाडीत अशीच एक तार निघाली होती. ग्रोमेट नाही, फ्यूज नाही, नुसती काळी टेपपट्टी. ॲम्प्लिफायर आधीच्या मालकाने काढून नेला होता, तार मात्र बॅटरीला जोडलेली तशीच होती.

अशा जोडण्या किती महागात पडतात, याची उदाहरणे दूर शोधायला नकोत. मार्च २०१० मध्ये मुंबईत शोरूममधून घरी निघालेली नवी कोरी नॅनो पेटली आणि देशभर गाजली. त्या वर्षीच्या तपासणीनंतर टाटा मोटर्सने आगीच्या घटनांमागे बाहेरून बसवलेली विद्युत उपकरणे अथवा एक्झॉस्टवर राहिलेली परकी वस्तू ही कारणे दिली होती. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यात नेक्सॉन ईव्हीला आग लागली. तेव्हाही अनधिकृत वर्कशॉपमध्ये बदललेल्या हेडलॅम्पच्या जोडणीतील दोषाकडे याच कंपनीने बोट दाखवले. उत्पादक स्वतःचा बचाव करणारच, ही बाजू गृहीत धरूनही मुद्दा उरतोच. केरळात कन्नूर येथे २ फेब्रुवारी २०२३ रोजी प्रसूतीसाठी रुग्णालयात निघालेली गर्भवती महिला आणि तिचा पती मोटारीतच होरपळून मरण पावले. मागे बसलेले चौघे बाहेर पडू शकले, पुढची दारे मात्र उघडली नाहीत. प्राथमिक पाहणीत शॉर्टसर्किटचा संशय व्यक्त झाला आणि बाहेरून बसवलेल्या उपकरणांची चर्चा झाली. गाडीत पेट्रोलच्या बाटल्या होत्या काय, यावरूनही नंतर वाद झाला. निष्कर्ष काहीही असो, डॅशखाली लागलेली आग पुढच्या माणसांना किती सेकंद देते, हे तेथे दिसले.

मग यावर देखरेख कोणाची? मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरणारे बदल रोखते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्हींची तरतूद केली. परंतु नोंदणी प्रमाणपत्रात ॲम्प्लिफायरचा उल्लेख नसतो, तेव्हा त्याची तार या जाळ्यातून अलगद निसटते. खासगी मोटारीची योग्यता तपासणी नोंदणीनंतर पंधरा वर्षांनी. मधल्या काळात पीयूसीवाला धुराची तपासणी करतो, बॉनेट उघडून वायरिंग पाहत नाही. पोलिसांची कारवाई होते ती आवाजावर. घरात वायरिंग करायला परवानाधारक माणूस लागतो. मोटारीत ऐंशी अँपिअरची तार ओढायला मात्र कसलाही परवाना लागत नाही. आयटीआयमध्ये मोटारींच्या विद्युत कामाचा अभ्यासक्रम आहे, पण तो केलेलाच माणूस दुकानात असावा, अशी सक्ती कोणी केलेली नाही. परवाना काढा म्हटले की परवान्याचाही बाजार होईल, हा आक्षेप खोटा नाही. निदान वायरिंग किटमधील तारेवर धातू आणि जाडी ठळक छापण्याची सक्ती तरी त्यामुळे अडू नये.

विम्याचे प्रकरण तर मालकाला आग विझल्यावरच कळते. कंपनीने न बसवलेल्या विद्युत उपकरणांची किंमत पॉलिसीत वेगळी दाखवावी लागते. जुन्या मोटार टॅरिफमध्ये त्यासाठी किमतीच्या चार टक्के जादा हप्ता होता. चाळीस हजारांच्या सिस्टिमवर सोळाशे रुपये. तो भरलेला नसेल तर सिस्टिमची भरपाई मिळत नाही. खुद्द गाडीच्या दाव्यातही सर्वेक्षक जळक्या डॅशखालून वितळलेली जाड तार बाहेर काढतो, तेव्हा वाद सुरू होतो. दुकानदाराकडे दाद मागावी, तर हाती असते ती बहुधा कच्ची पावती. तीवर ‘फिटिंगसहित’ एवढेच लिहिलेले असते.