गळा आणि तालीम

नाटक पाहून आलेले मूल दुसऱ्या दिवशी आईचे लुगडे पांघरून अंगणात तेच पद आळवू लागते. घरातली मंडळी कौतुकाने हसतात. तेच मूल पुढे वयात येऊन "मला नट व्हायचे आहे" असे म्हणू लागले, म्हणजे मात्र हसणे थांबते आणि चिंता सुरू होते. अशा आईबापांपुढे आम्ही आज संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे चरित्र ठेवीत आहोत.

केशवरावांचा जन्म कोल्हापुरात ९ ऑगस्ट १८९० रोजी झाला. घरची स्थिती बेताची; पण गळा असा की, शाळेत बसण्याच्या वयातच ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. त्या काळी नाटक मंडळ्यांतून स्त्रियांच्या भूमिका मुलगेच करीत. गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संगीत शारदा' नाटकात केशवराव शारदा झाले आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. द्रव्यलोभी बाप आपली कोवळी मुलगी धनिक म्हाताऱ्याला देऊ पाहतो, असे ते कथानक आहे.

येथेच गाणारा आणि नट यांतील भेद कळतो. पद रंगले की प्रेक्षक 'वन्स मोअर'चा गजर करीत. त्या गजराने हुरळून नट तानांमागून ताना घेऊ लागला, तर शारदा नाहीशी होते आणि केवळ गवई उरतो. हे दुःख कोणाचे, ते कोणापाशी बोलले जात आहे, हे ज्याच्या गळ्याला कळले तोच नट.

गळा जन्मतः लाभतो, पण तो तसाच टिकत नाही. वयात येताना मुलाचा आवाज फुटतो, आणि कित्येक बालनटांचे दिवस तेथेच संपत. केशवराव टिकले. त्यांना रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या थोर गवयाची तालीम लाभली. एकच जागा शंभर वेळा घोटावी, तेव्हा ती रंगमंचावर सहज वाटते.

१ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे त्यांनी 'ललितकलादर्श' मंडळी स्थापन केली. तेव्हा ते अवघे सतरा वर्षांचे होते! तबलजी, पडदेवाले, आचारी, लहान नट अशा साऱ्यांच्या पोटाची चिंता त्या वयात त्यांच्या शिरावर आली. टाळ्या रात्री पडतात. हिशेब सकाळी द्यावा लागतो.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. केशवराव धैर्यधर, तर बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे धनी एका कार्यासाठी एका रंगमंचावर उभे राहिले. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला विषमज्वराने केशवराव निवर्तले. वय अवघे एकतीस. परंतु त्यांची मंडळी मोडली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती पुढे चालविली. कोल्हापुरात केशवरावांच्या नावाने उभे असलेले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, आगीत भस्मसात झाले, तेव्हा अनेकांचे डोळे पाणावले.

केशवरावांचे बालपण मात्र कामात खर्ची पडले, आणि ही गोष्ट आम्ही कौतुकाने सांगत नाही. परिस्थितीने त्यांना निवड ठेवली नव्हती. आमच्या वाचकांच्या मुलांना ती आहे. म्हणून मूल रंगभूमीचे नाव काढील तेव्हा त्याला दटावू नये, आणि त्याची शाळाही सोडवू नये. त्याला एवढेच विचारावे: "बाळा, कोणी ऐकत नसता तू रोज पहाटे तासभर सा लावून बसशील काय? दुसऱ्याचे पद रंगत असता तू मागे स्वस्थ उभा राहशील काय?"

वर्षभर त्याने आपल्या आचरणाने होकार दिला, तर त्याला चांगला गुरू शोधून देणे हे आईबापांचे काम होय. आणि वर्षाच्या आत त्याची हौस फिटली, तरीही काही बिघडले नाही; घरात एक चांगला गाणारा राहिला, हाही लाभच.