खापर कामगाराच्या डोक्यावर फोडू नका!



ई-मेलमधल्या एखाद्या लिंकमुळे कुणा कामगाराचे पगाराचे खाते रिकामे झाले, की वरून पहिला शब्द येतो 'निष्काळजीपणा'! चोर राहतो बाजूला आणि ज्याचे घर फुटले तोच आरोपीच्या पिंजऱ्यात. या उलट्या न्यायाचा आम्ही निषेध करतो.

चोर कोणत्या वेषात येतो? 'आपले पार्सल अपुऱ्या पत्त्यामुळे गोदामात पडून आहे, ४८ तासांत लिंकवर पत्ता द्या' असे टपाल खात्याच्या नावाचे संदेश २०२४ मध्ये देशभर फिरले. ते बनावट असल्याचे पत्र सूचना कार्यालयाला जाहीर करावे लागले. हाच चोर थकबाकीच्या, पेन्शनच्या, हयातीच्या दाखल्याच्या नावानेही दार ठोठावू शकतो. घाई आणि धाक ही त्याची दोन हत्यारे. पण 'आजच्या आज लिंकवर माहिती भरा, अन्यथा पगार रोखू' अशी फर्माने काढणारे वरिष्ठ तरी वेगळी कोणती भाषा बोलतात? खऱ्या लिंका घाईघाईने दाबायची सवय लावायची आणि एखादी खोटी दाबली गेली की कामगाराला मूर्ख ठरवायचे, हा कुठला कारभार?

म्हणून आपण गाफील राहायचे काय? मुळीच नाही! आरएमएसचा सॉर्टर पाकिटावरचे सुबक अक्षर पाहून भुलत नाही, तो पिन कोड पाहतो. लिंकचेही तसेच. दुहेरी तिरप्या रेघेनंतर पत्ता सुरू होतो आणि पुढच्या तिरप्या रेघेपाशी संपतो. त्याचा शेवटचा तुकडा हाच त्याचा पिन कोड. सुरुवात 'इंडियापोस्ट डॉट गव्ह डॉट इन' अशी असली आणि शेवट 'डॉट टॉप' असला, तर ते पाकीट खात्याचे नाही. शंका आली तर लिंक दाबूच नका, खात्याचा पत्ता स्वतः टाइप करा. मागून कुणी कितीही ओरडले तरी लोको पायलट लाल सिग्नल ओलांडत नाही. ओटीपी आणि पासवर्डच्या बाबतीत आपणही तसेच ठाम राहिले पाहिजे.

तरीही फटका बसला तर लाजेने गप्प बसू नका. ताबडतोब बँकेला कळवा आणि १९३० हा क्रमांक फिरवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकली. तक्रार नोंदवल्यानंतर होणारे नुकसानही बँकेचेच ठरवले. म्हणजे इथे एकेक मिनिट पैशाचे आहे.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत:

१) बँक खाते वा पासवर्ड मागणारी लिंक खाते कधीही पाठवणार नाही, असे प्रशासनाने लेखी जाहीर करावे.

२) सुरक्षेचे प्रशिक्षण ड्युटीच्या वेळेत आणि कामगाराच्या भाषेत द्यावे.

३) चौकशीपूर्वी फसलेल्या कामगारावर ठपका ठेवू नये. तक्रार नोंदवण्यासाठी त्याला त्याच दिवशी सुटी द्यावी.

भिंतीवर 'सावधान' असे पत्रक चिकटवले की जबाबदारी संपत नाही. प्रत्येक शाखेने येत्या सभेत हे ठराव मंजूर करून वर पाठवावेत. भुसावळचा गँगमन असो वा सिकंदराबादचा मराठी पोस्टमन, फसलेला सहकारी एकटा पडता कामा नये.

कामगार एकजुटीचा विजय असो!