नागाचा वंश निवडणारा पोरगा

गेल्या महिन्यात उत्तर नागपुरातील एका वस्तीतून एक जोडपे आपल्या मुलाला घेऊन आमच्या कार्यालयात आले. मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला, आई विहारात रविवारचा धम्मवर्ग चालविणारी, वडील निवृत्तीला टेकलेले. आम्हाला वाटले, जातवैधता प्रमाणपत्राचे किंवा अडलेल्या शिष्यवृत्तीचे काम असेल. पण प्रकरण निघाले खेळाचे.

हा मुलगा रात्री संगणकावर इंटरनेटवरचा एक खेळ खेळतो. देशातली आणि देशाबाहेरची पोरे एकाच वेळी त्या काल्पनिक जगात उतरतात. आधी प्रत्येकाने आपले पात्र घडवायचे आणि त्याचा 'वंश' निवडायचा. बहुतेक जण माणूस निवडतात, नाही तर देखणा, गोरा, दीर्घायुषी एल्फ. या पोराने निवडला खवल्यांच्या कातडीचा, सापाच्या तोंडाचा एक वंश, जो क्वचितच कोणी घेते. परिणाम असा की त्याला कोणी टोळीत घेईना. 'आधी वंश बदल, मग ये,' असे उत्तर मिळू लागले. त्याने बदलला नाही. हात चांगला चालतो म्हणून शेवटी एका टोळीने घेतला. मग एके रात्री माईक चालू असताना घरी आलेल्या मित्राला तो 'जयभीम' म्हणाला. तो शब्द टोळीने ऐकला. त्या रात्रीपासून, 'तरीच हा असली जात घेऊन खेळतो,' हे वाक्य आणि त्यापाठोपाठ एक जातिवाचक शिवी, जी आम्ही येथे छापणार नाही, रोजची झाली. वीसेक जण ऐकत होते. काही हसले. उरलेले गप्प बसले.

वडिलांचे म्हणणे, 'खेळच होय ना तो भाऊ, बंद कर म्हटलं तर आयकत नाही.' मुलाचा प्रश्न, 'काका, यावर केस होते का?' अशी मुले आज आपल्या घराघरांत आहेत, म्हणून दोघांना द्यायचे उत्तर आम्ही येथे जाहीरपणे देत आहोत.

प्रथम 'खेळच होय ना' याचा विचार करू. या प्रकारच्या खेळांचे मूळ १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात आहे. टेबलाभोवती बसून, फासे टाकून, आपापले पात्र वठवीत तो खेळला जातो. संगणकावरचे असे असंख्य खेळ त्याच्याच नियमांच्या घडणीतून आले. त्या पहिल्याच पुस्तकात एक नियम होता. खुज्या ड्वार्फ वंशात जन्मलेल्या पात्राला फक्त योद्धा होता येई आणि तेही सहाव्या पायरीपर्यंतच. पुढे कितीही पराक्रम केला तरी सातवी पायरी त्याच्यासाठी नाही. माणसाला मात्र अशी मर्यादा नव्हती. वंशांवरची ही बंधने थोड्याफार फरकाने पाव शतक टिकली. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ती गेली.

वाचकहो, हा नियम ओळखीचा वाटत नाही काय? जन्मावरून काम ठरवायचे आणि जन्मावरूनच उंची ठरवायची, हा नियम आपल्याला अमेरिकेतून आणावा लागला नाही. शंबूकाने तप केले, तो आपल्या पायरीच्या वर गेला, म्हणून त्याचे मस्तक उडविले गेले. एकलव्याचा हात चांगला चालत होता, म्हणून त्याचा अंगठा गेला. अमेरिकेतल्या लोकांनी हा नियम खेळ म्हणून लिहिला. आपल्याकडे तो धर्म म्हणून लिहिला गेला. फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे.

पायऱ्यांची बंधने गेली तरी जन्मजात गुण राहिलेच. २०१६ साली त्याच खेळाच्या एका पुस्तकात ऑर्क वंश घेणाऱ्याच्या बुद्धीतून दोन गुण वजा करण्याचा नियम होता. ऑर्क म्हणजे आडदांड, ऑर्क म्हणजे मंद, ऑर्क म्हणजे जन्मतः दुष्ट. त्याला मारले तर पाप नाही, उलट गुण मिळतात. कोणत्या माणसांविषयी कोण असे बोलत आले आहे, हे अमेरिकेतल्या काळ्या खेळाडूंना कोणी शिकवावे लागले नाही. मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि सारी अमेरिका रस्त्यावर आली. त्यानंतरच्याच महिन्यात या खेळाची मालक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्ट हिने जाहीर केले की, ऑर्कांसारख्या वंशांना यापुढे इतर लोकांइतकेच विविध आणि गुंतागुंतीचे दाखविले जाईल. बुद्धीचे वजा गुण त्याच वर्षी काढले गेले. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने 'वंश' हा शब्दच सोडून देण्याचे ठरविले आणि २०२४ च्या नव्या पुस्तकात त्याजागी 'प्रजाती' हा शब्द आला. गुणांची वाढ आता जन्मावरून नव्हे, तर पात्र कोणत्या पार्श्वभूमीतून घडले यावरून ठरते.

परंपरेचे अभिमानी तिकडेही होतेच. 'आमचा जुना खेळ बिघडविला' म्हणून त्यांनी ओरड केली. तरी नियम बदलला. माणसाने लिहिलेला नियम माणूस बदलू शकतो, एवढी साधी गोष्ट यातून सिद्ध झाली. हीच गोष्ट २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळून बाबासाहेबांनी सांगितली होती. खेळाच्या पुस्तकाला पन्नास वर्षांत शहाणपण आले. ज्यांच्या पुस्तकाला दोन हजार वर्षांतही आले नाही, त्यांनी विचार करावा.

आता आमच्या पोराच्या निवडीकडे येऊ. आम्ही त्याला विचारले, 'बाबा रे, एवढे वंश असताना सापच का घेतलास?' तो म्हणाला, 'काका, त्या खेळात साप सगळे वाईटच दाखवले आहेत. म्हटलं, एक चांगला करून दाखवावा.'

हे उत्तर ऐकून आम्ही काही वेळ बोललो नाही. कारण ही वाट जुनी आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या १९७७ च्या राक्षसपुस्तकात आपल्या पुराणांतून उचललेली दोन नावे आहेत, 'राक्षस' आणि 'नाग'. राक्षसाला वाघाचे तोंड देऊन कपटी आणि नरमांसभक्षक केले. म्हणजे परदेशी लेखकांनी नावे घेतली, तसा नावांवरचा पुराणांचा निकालही घेतला. हरलेल्यांची बाजू त्यांना कोणी सांगितली नव्हती. ती महाराष्ट्रात १८७३ साली 'गुलामगिरी'त जोतीराव फुल्यांनी मांडून ठेवली आहे. राक्षस म्हणजे रक्षण करणारे असा अर्थ त्यांनी लावला आणि पाताळात गाडलेल्या बळीला पुन्हा प्रजेचा राजा म्हणून उभे केले. आपल्या अकोला जिल्ह्यात सांगोळा गावी रावणाची मूर्ती आजही पुजली जाते. आम्ही मूर्तिपूजक नाही. पण जेत्यांनी ज्याला राक्षस म्हटले तो सर्वांच्याच लेखी राक्षस नव्हता, याची साक्ष म्हणून हे सांगणे भाग आहे.

आणि नाग? नागपुरात राहणाऱ्या माणसाला नाग कोण, हे विचारायची गरज नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर दुसऱ्या दिवशी केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूरच का निवडले, याचा खुलासा केला. संघाला खिजविण्यासाठी ही जागा निवडली, असे लोक म्हणत होते. ते त्यांनी साफ नाकारले. बौद्ध धम्माचा प्रसार नाग लोकांनी केला, त्यांचा छळ झाला, आणि त्यांची वस्ती या नाग नदीच्या काठी होती, म्हणून हे शहर, असे त्यांनी सांगितले. आज त्या नदीचा नाला झाला आहे, ही गोष्ट वेगळी.

मात्र येथे तरुणांना एक इशारा देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. 'आम्ही नागवंशी' असे म्हणताना छाती जरूर फुगावी, पण ती रक्ताच्या गर्वाने फुगू नये. वंशाचा सिद्धांत बाबासाहेबांनी कधीच मान्य केला नाही. ब्रिटिश अधिकारी रिस्ले याने नाके मोजून जातींची उतरंड लावण्याचा उद्योग केला होता. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' या ग्रंथात तीच नाकांची मापे हाती घेऊन अस्पृश्य हा वेगळा वंश असल्याचा समज खोडून काढला. 'जातिनिर्मूलना'त त्यांनी १९३६ सालीच म्हटले होते की, पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे, मग जात म्हणजे वंशभेद कसा? तेव्हा नाग हे आपल्यासाठी रक्ताचे नाव नाही. ते जेत्यांनी पुसलेल्या इतिहासाचे नाव आहे. जन्मजात गुण-अवगुणांची उतरंड उलटी करून आपण वर बसलो, तर उतरंड तशीच राहते, फक्त बसणारे बदलतात.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट कळली. पात्र नागाचे घेणाऱ्या या मुलाने खेळाच्या खात्यावर स्वतःचे आडनाव मात्र खोटे लिहिले होते, उच्चवर्णीय वाटेल असे. आईला हे त्याच दिवशी समजले. तिचे डोळे भरून आले, पण ती रागावली नाही. आम्हीही रागावलो नाही. भाड्याने खोली शोधताना आडनाव गिळणारे, कचेरीत फोटो टेबलाच्या खणात ठेवणारे मोठे लोक आपल्यात कमी नाहीत. मग एकोणीस वर्षांच्या पोराला कोणत्या तोंडाने बोलावे? पण त्याने स्वतःच सांगितले, 'साप व्हायला भीती नाही वाटली काका. स्वतःचं आडनाव लिहायला वाटली.'

समाजबांधवांनो, या एका वाक्यात सारा प्रश्न आहे. खेळात जन्म निवडता येतो आणि नको असेल तेव्हा संगणक बंद करून उतरविता येतो. जातीचा जन्म निवडता येत नाही आणि उतरविता येत नाही, असे आपल्याला शतकानुशतके सांगितले गेले. ते खोटे आहे, हे लाखो लोकांनी याच नागपुरात दाखविले. त्यांनी मुखवटा घेतला नाही, नावही लपविले नाही. भर दिवसा, सर्वांसमक्ष, बावीस प्रतिज्ञा घेऊन त्यांनी आपले जगणे निवडले. पात्र निवडण्याची खरी हिंमत तीच.

आता मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. केस होते का? होऊ शकते, पण वाट सरळ नाही. अनुसूचित जातीतून आलेल्या बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, त्यामुळे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण आपल्याला आहे. या कायद्याच्या कलम ३(१)(आर) आणि (एस) नुसार अपमान किंवा जातीच्या नावाने शिवीगाळ 'लोकांच्या दृष्टिपथात' व्हावी लागते. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना झालेला अपमान यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली म्हटले आहे. पण इंटरनेटवर जाहीरपणे केलेली बदनामी या कायद्यात येऊ शकते, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले. वीस अनोळखी लोक ऐकत असलेली खेळाची खोली ही चार भिंती नव्हे, असे आमचे मत आहे आणि ते आम्ही न्यायालयात मांडायला तयार आहोत. अडचण दुसरी आहे. शिवी देणारा खोट्या नावाआड असतो, आणि समोरचा अनुसूचित जातीचा आहे हे त्याला ठाऊक होते, हेही दाखवावे लागते. येथे 'जयभीम' ऐकल्यावरच शिवी सुरू झाली, ही बाब महत्त्वाची ठरेल.

म्हणून पुरावा जपा. संभाषण ध्वनिमुद्रित करा, पडद्याची छायाचित्रे तारीख-वेळेसह ठेवा, ऐकणाऱ्यांची खातेनावे टिपून घ्या. ज्या यंत्रात मूळ नोंद आहे ते यंत्र विकू नका, पुसू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. ते वकिलाला विचारून वेळीच तयार करा. मग सायबर पोलिसांकडे जा.

खेळ चालविणाऱ्या कंपन्यांकडेही आमची मागणी आहे. फेसबुक आणि यूट्यूब यांच्या द्वेषपूर्ण मजकुराविषयीच्या नियमांत जात हा शब्द आहे. अमेरिकेतील सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला कायद्याने बंदी घातली. मग भारतातील पोरांच्या खिशातून पैसे घेणाऱ्या प्रत्येक खेळाच्या आचारसंहितेत वंश, धर्म, लिंग यांच्या जोडीला जात हा शब्द स्पष्ट लिहिलेला असलाच पाहिजे. ऑर्काच्या अपमानाची दखल घेणाऱ्यांना जिवंत माणसाच्या अपमानाची दखल घेणे जड जाऊ नये.

आणि पालकांना विनंती. 'बंद कर' एवढेच सांगू नका. रात्र रात्र जागून अभ्यास बुडवीत असेल तर जरूर दटावा. पण तुमचे लेकरू त्या खोलीत कोणाशी बोलते, कोणते नाव लावते आणि काय ऐकून झोपी जाते, हे एकदा शेजारी बसून विचारा. आपण गाव सोडले, शहरात आलो, पोरांना संगणक घेऊन दिला. गावकुसाबाहेरची शिवी मात्र त्याच तारेतून घरात आली आहे.

त्या मुलाने खाते बंद केले नाही. कंपनीकडे लेखी तक्रार आमच्यामार्फत गेली आहे, उत्तर अजून यायचे आहे. त्या टोळीतले दोघे जण त्याच्यासोबत बाहेर पडले, त्यांतला एक केरळचा आणि एक पुण्याचा. दोघेही आपल्या समाजाचे नाहीत. त्या रात्री गप्प बसल्याची लाज वाटली, असे त्यांनी कळविले. आता तिघांची वेगळी टोळी आहे. पात्र तेच, खवल्यांचे. खात्यावर आडनाव मात्र त्याने आता स्वतःचे लिहिले आहे.