माशाच्या माथी खापर

गेल्या पाडव्याला आमच्याकडे फराळाच्या ताटाबरोबर इंग्रजी भाषाही वाढली गेली. त्याचे असे झाले की, माझ्या नातीने शेजारच्या नानांना विचारले, "नाना, कार्प म्हणजे मासा ना? मग कोशात कार्प म्हणजे उगाच दोष काढणं, असंही का लिहिलंय?"

नाना इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. त्यांनी हातातली चकली खाली ठेवली आणि निकाल दिला, "अगं, तो मासा पाण्यात सारखा तोंड उघडतो नि मिटतो. कुरकुऱ्या माणसासारखा! त्यावरूनच आला तो शब्द."

सगळे हसले. एवढ्यात आतून आमच्या हिची हाक आली, "अहो, पुन्हा वास येतोय." "झाली हिची कुरकुर सुरू!" असे मी म्हणालो आणि मंडळी दुसऱ्यांदा हसली. त्या दोन्ही हसण्यांचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख.

प्रथम माशाची बाजू मांडतो, कारण त्या बिचाऱ्याला वकील नाही. हे दोन इंग्रजी शब्द जुळ्या भावांसारखे दिसत असले, तरी त्यांची घराणी निराळी. माशाचे नाव लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये आणि तेथून इंग्रजीत आले. क्रियापद आले ते उत्तरेकडच्या नॉर्स दर्यावर्दी लोकांच्या बोलीतून, आणि तेथे त्याचा अर्थ होता बढाई मारणे. माशाच्या तोंडाचा यात काडीचाही संबंध नाही. उलट, आपल्या रोहू, कटला, मृगळ यांच्या या भाऊबंदाच्या जबड्यात दातच नसतात. जे काही दात असतात ते घशात. इतका निरुपद्रवी प्राणी कोणाला काय टोचून बोलणार? १६५३ साली आयझॅक वॉल्टन या इंग्रज लेखकाने गळाने मासे धरण्यावर ग्रंथ लिहिला, त्यात त्याने या माशाला नद्यांची राणी ठरवले आहे. तळाचा चिखल ढवळून हा मासा पाणी गढूळ करतो, एवढा आरोप मात्र खरा. पण तो ढवळतो पोटासाठी. माणसे कशासाठी ढवळतात?

आता क्रियापदाकडे वळू. खरी गोम तेथेच आहे. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता नुसते बोलणे, गप्पा मारणे. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये बाथ गावची एक बाई आहे. चारचौघांत ती मोकळेपणाने हसते, बोलते. तिच्या त्या बोलण्याला चॉसरने हेच क्रियापद वापरले आहे. त्यात निंदेचा वासही नाही. पुढे खुडणे, तोडणे या अर्थाच्या एका लॅटिन क्रियापदाची सावली त्यावर पडली आणि सोळाव्या शतकात ते दोष काढण्याच्या कामाला लागले. साधे 'बोलणे' होते, त्याची 'कुरकुर' झाली.

इंग्रजांना आपण हसू नये. "आई मला बोलली" म्हणजे आपल्याकडेही आई रागावली. बोल लावणे, बोलणी खाणे हे आपलेच वाक्प्रचार. माणसाने तोंड उघडले की त्यात तक्रार असणारच, हे गृहीत आपल्या भाषेनेही धरलेले आहे.

पण कोणाचे बोलणे तक्रार ठरते, हे जरा पाहा. साहेबाने दोष काढला की ती शिस्त. कारकुनाने काढला की ती कुरकुर. सासऱ्यांचे ते अनुभवाचे बोल. सुनेची ती कटकट. कुरकुर, किरकिर, पिरपिर, भुणभुण, कटकट! या बाबतीत आपली भाषा केवढी श्रीमंत! आणि हे सारे शब्द वरून खाली फेकण्यासाठी घडवलेले. साहेबांची पिरपिर, असे कचेरीत मोठ्याने म्हटलेले मी जन्मात ऐकले नाही.

तुम्ही म्हणाल, खरोखरच कुरकुरी माणसे जगात नसतात काय? असतात की! लाडू खाऊन संपवल्यावर बेसन जरा कमीच भाजले गेले, असे सांगणारे पाहुणे कोणी पाहिले नाहीत? पण दोहोंत एक फरक आहे. खुसपट काढणाऱ्याला दोष दूर व्हायला नको असतो. तो दूर झाला की तो दुसरा शोधतो. गाऱ्हाणे मांडणारा मात्र दोष दूर झाला की गप्प होतो. पण हा फरक ऐकून घेतल्यावाचून कळत नाही, आणि आम्ही तर ऐकण्याआधीच शिक्का मारून मोकळे होतो. कोकणात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालतात, तेव्हा जमलेली मंडळी "व्हय महाराजा" म्हणून त्याला साथ देतात. देवाला गाऱ्हाणे ऐकायला कमीपणा वाटत नाही. मग नवऱ्यालाच तो का वाटावा?

आता त्या पाडव्याची राहिलेली गोष्ट. वास गॅसचा होता, आणि ती मला ते चौथ्यांदा सांगत होती. काम झाले की ती आठवणीने रेग्युलेटर बंद करी, म्हणून निभावले. भाऊबीजेला तिचा भाऊ आला. त्याने न हसता ऐकून घेतले आणि नळी वाकवून पाहिली. नळीला बोटभर भेग होती. पाडव्याला घरात पंधरा माणसे होती आणि प्रत्येक उंबऱ्यावर पणती तेवत होती.

नळी बदलायला दहा मिनिटे लागली. त्यानंतर त्या विषयावर ती एक अक्षरही बोललेली नाही.

यंदाही नाना फराळाला येतील. त्या माशाची खरी हकीकत मी त्यांना सांगणारच आहे. मात्र मध्येच आतून हाक आली, तर मासा तसाच ठेवून आधी उठणार आहे.